दोन पेपर जोडायचे असतील तर आधी टाइमटेबल धरा

प्रश्न एका तरुण सहकाऱ्याचा आहे. नागपुरातल्याच एका संलग्न महाविद्यालयात ते दोन वर्षांपासून शिकवतात. त्यांनी विचारलं ते थोडक्यात असं: "नव्या शैक्षणिक धोरणानंतर मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला विषय), व्हीएससी आणि एसईसी (कौशल्याचे पेपर) अशी मुलं विखुरली आहेत. एका तासाला समोर असलेला वर्ग पुढच्या तासाला चार खोल्यांत फुटतो. आता प्राचार्य म्हणतात, पहिल्या वर्षाचे दोन-तीन पेपर एकमेकांना जोडा, मुलांना गटांत काम द्या. मुलांना यातून खरंच काही मिळतं, की कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकसाठी आणखी एक फाईल?"

सर, फाईल तर होणारच, ती कशाचीही होते. पण मुलांना मिळतं, हे मी स्वतः पाहिलं आहे. ३१ वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. त्यातली शेवटची काही वर्षं पर्यावरणाचा पेपर घेणाऱ्या केमिस्ट्रीच्या सरांशी आणि मराठीच्या मॅडमशी जोडी करून. पहिलं सेमिस्टर सपशेल फसलं. तेही सांगते, म्हणजे तुमचं एक वर्ष वाचेल.

आधी एक घोळ मिटवू. 'जोडून शिकवणं' या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात. सगळ्यात साधी म्हणजे तीच ३०-४० मुलं दोन किंवा तीन पेपरांना एकत्र बसवायची. शिक्षक आपापलं शिकवतात, एकमेकांशी बोलतही नाहीत. दुसरीत मुलं तीच, शिवाय शिक्षक आपल्या युनिटांचा क्रम थोडा मागेपुढे करून एकच प्रश्न दोन बाजूंनी हाताळतात आणि निदान एक काम दोघं मिळून तपासतात. तिसरीत दोन-तीन शिक्षक एकाच वर्गात, एकाच वेळी. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातलं एव्हरग्रीन स्टेट कॉलेज १९७१ मध्ये उघडलं ते या तिसऱ्या रीतीवर: सुटे पेपर बाजूला ठेवून एक मोठा विषय, दोन-तीन शिक्षक आणि पूर्ण वेळ तीच मुलं. त्याच्याही आधी, १९२७ ते १९३२ मध्ये, शिक्षणतज्ज्ञ अलेक्झांडर माइकलजॉन यांनी अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिन विद्यापीठात असंच काही केलं होतं. पहिलं वर्ष प्राचीन अथेन्स, दुसरं वर्ष अमेरिका. पाच वर्षांत तो प्रयोग गुंडाळला गेला.

संलग्न कॉलेजात तिसरी रीत विसरा. एका तासाला दोन शिक्षक दाखवले की वर्कलोड तपासणाऱ्यांचा शेरा आलाच. पहिली फुकटात होते आणि तिचाही थोडा उपयोग असतो. तुमच्यासाठी दुसरी.

आता फसलेलं सेमिस्टर. आम्ही तिघांनी 'पाणी' हा विषय घेतला. बॅनर लागला, उद्घाटन झालं, फोटो निघाले. शेवटी मुलांनी काय दिलं? तिघांना तीन प्रोजेक्ट. मुखपृष्ठ एकच, आत नेटवरून उतरवलेली तीच आठ पानं. माझ्या प्रतीत एक पाय-चार्ट घुसवलेला, पर्यावरणाच्या प्रतीत पीएचची व्याख्या आणि मराठीच्या प्रतीच्या सुरुवातीला 'पाणी म्हणजे जीवन'. मुलांना दोष देण्यात अर्थ नव्हता. त्या चार महिन्यांत आम्ही तिघं एकदाही एका टेबलाशी बसलो नव्हतो. त्यात बॅचेस वेगळ्या पडलेल्या. माझ्याकडची अर्धी मुलं मराठीच्या मॅडमकडे नव्हतीच. आम्ही कागदावर विषयांची लग्नं लावली होती आणि नवरा-नवरीची गाठच पडली नव्हती.

पुढच्या खेपेला दोन गोष्टी बदलल्या. मे महिन्यात टाइमटेबल कमिटीकडे जाऊन तिन्ही पेपरांची बॅच एकच करून घेतली. आणि विषय लहान केला. 'पाणी' सोडून शहरातून वाहणारी नाग नदी घेतली, तीही सगळी नाही. अंबाझरी तलावाच्या खाली, अशोक चौकाजवळ आणि पारडीच्या पुलाशी असे तीन ठिकाणचे नमुने, आणि मोजायचं एकच: पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीच्या पाण्याला लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. ३० अंश सेल्सियसला स्वच्छ पाणीसुद्धा साधारण साडेसात मिलिग्रॅमच धरून ठेवतं. म्हणजे वर साडेसात, मध्ये पाच, खाली शून्य, अशी सोपी पट्टी मुलांच्या हातात आली.

पहिला गट बादली आणि दोरी घेऊन गेला. पुलावरून बादली सोडली, वर ओढली, बाटलीत ओतली. केमिस्ट्रीच्या सरांनी ते ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. बादली आपटली, पाणी खळखळलं, ओतताना पुन्हा हवा मिसळली. आता जो ऑक्सिजन निघेल त्यात नदी किती आणि बादली किती? मग त्यांनी बाटली सावकाश, बुडबुडा न येऊ देता कशी भरायची आणि मँगनीज सल्फेट व अल्कलाइन आयोडाइड तिथेच घालून ऑक्सिजन कसा बांधून टाकायचा ते दाखवलं. हे त्यांच्या पेपरचं झालं.

दुसऱ्या दिवशी माझ्या तासाला एका मुलाने विचारलं, "मॅडम, बादलीनंच पन्नास नमुने घेतले असते तर सरासरीत चूक निघून गेली असती ना?"

योगायोगाने इकडेतिकडे होणारी चूक आणि दर वेळी एकाच बाजूला झुकणारी चूक, यांतला फरक मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून देत होते. मुलं उतरवून घ्यायची, परीक्षेत लिहायची, विसरायची. त्या दिवशी मी खडू हातात घेतलाच नाही. वर्गातच वाद पेटला आणि अर्ध्या तासात मुलांनीच निकाल लावला: बादली दर वेळी जास्तच दाखवणार, पन्नास काय पाचशे नमुने घ्या. हे त्यांना माझ्यामुळे कळलं नाही. आदल्या दिवशी दुसऱ्याच तासाला त्यांचे हात ओले झाले होते, म्हणून कळलं.

सरासरीचीही तीच गोष्ट. एका गटाने तिन्ही ठिकाणची सरासरी काढून 'नाग नदीतील ऑक्सिजन' म्हणून एकच आकडा अहवालात टाकला. मराठीच्या मॅडमना संख्याशास्त्राचं काही देणंघेणं नाही. त्यांनी त्या आकड्याशेजारी लाल पेनने एवढंच लिहिलं: "ही नदी कुठे वाहते?" वरचं पाणी बरं, खालचं मेलेलं, आणि मधल्या आकड्याची नदी नागपुरात कुठेच नाही. हाच शेरा मी दिला असता तर 'मॅडमचा विषयच आहे' म्हणून मुलांनी मान डोलावली असती. भाषेच्या बाईंनी आकड्याला पकडलं, याचंच त्यांना जास्त लागलं.

आणखी एक प्रसंग सांगते आणि मग कामाचं बोलते. वर्गात एक मुलगी कुही तालुक्यातून रोज बसने यायची. तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. पारडीच्या पुढे नदी जाते कुठे, असं सरांनी सहज विचारलं. शहरातली मुलं गप्प. ती म्हणाली, "आमच्याकडे येते ना सर. मंग कन्हानमध्ये, तिथून वैनगंगेत, मंग गोसीखुर्दच्या धरणात." वर्ग तिच्याकडे वळून बघायला लागला. आपण जे सोडतो ते जिच्या घरावरून जातं ती मुलगी आपल्याच बाकावर बसते, हे तोवर कुणाच्या ध्यानी नव्हतं. तिच्या गटाने मराठीचा अहवाल महापालिकेला लिहायचा सोडून तिच्या गावच्या सरपंचांना लिहिला. सरपंचांना लिहायचं म्हटल्यावर 'प्रदूषणाची समस्या दिवसेंदिवस गंभीर होत चालली आहे' हे पहिलं वाक्य आपोआप गळालं.

तुम्ही विचारलेल्या फायद्याचा गाभा मला इथे दिसतो. विषयांची सांगड, समग्र दृष्टी वगैरे सेमिनारमध्ये ऐकायला मिळतं. ते खोटं नाही, पण ते उशिरा येतं. आधी येते ती ओळख. तीच मुलं, तीच माणसं, आठवड्यात दोनऐवजी सहा तास. तिसऱ्या आठवड्यात एखादा आला नाही तर कुणीतरी विचारतं, अरे तो कुठे आहे. तुमच्या आत्ताच्या वेळापत्रकात हा प्रश्न कुणाच्या मनातच येत नाही, कारण प्रत्येक तासाला वर्ग नवा. एक ना धड, भाराभर चिंध्या.

नागपुरात याचं मोल जास्त आहे, कारण आपल्याकडे अप-डाऊन करणारी मुलं फार. काटोल-नरखेडची गाडी, भंडारा-गोंदियाची गाडी, रामटेक, उमरेडच्या बसेस. ही मुलं तास संपला की स्टेशनकडे पळतात. काही बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, दुकानात उभी राहतात, काही डिलिव्हरी करतात. कट्टा, होस्टेल, ग्रंथालय यांतलं काहीच त्यांच्या वाट्याला येत नाही. कॉलेज म्हणजे त्यांच्यासाठी फक्त तास. अमेरिकन अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांचं आयुष्य मुलं कॉलेज का सोडतात हे शोधण्यात गेलं. सिएटलच्या एका कम्युनिटी कॉलेजात (तिथलं कमी फीचं स्थानिक सरकारी कॉलेज) जोडलेले पेपर घेणाऱ्या मुलांचा त्यांनी अभ्यास केला. नोकरी आणि घर सांभाळून शिकणाऱ्या मुलांना मैत्री आणि अभ्यास यांतलं एक निवडावं लागतं. जोडलेल्या वर्गात दोन्ही एकाच खोलीत मिळतं, असं त्यांच्या लक्षात आलं. ते वाचताना मला अमेरिका दिसली नाही, आपला फलाट दिसला.

याहून जुनी आणि माझ्या मते जास्त धडा देणारी गोष्ट यूरी ट्राइसमन यांची. १९७० च्या दशकात ते अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात गणित शिकवत होते. कृष्णवर्णीय मुलं कॅल्क्युलसमध्ये मोठ्या संख्येने नापास होत होती, चिनी वंशाची मुलं चांगली करत होती. सहकाऱ्यांना विचारलं तर उत्तरं ठरलेली: पाया कच्चा, घरचं वातावरण, मेहनत कमी. ट्राइसमन यांनी दोन्हीकडची २०-२० मुलं निवडली आणि महिनोन्‌महिने त्यांच्या मागे राहून पाहिलं, ती अभ्यास कसा करतात. कृष्णवर्णीय मुलं प्रामाणिक होती, मेहनत करत होती, पण एकटी. शाळेत एकट्याच्या जोरावर वर आली होती आणि तीच सवय इथे घेऊन आली होती. चिनी मुलं आधी एकेकटी गणितं करायची, मग संध्याकाळी जमून एकमेकांची तपासायची. कुणालाच सुटत नसेल तर गणित खरंच अवघड आहे, हे त्यांना कळायचं. एकटा मुलगा मात्र 'मलाच येत नाही' असं समजून बसायचा.

मग त्यांनी काय केलं, हे बघा. रेमेडियल क्लास काढला नाही. उलट नेहमीपेक्षा अवघड गणितं देणाऱ्या कार्यशाळा सुरू केल्या आणि त्या गटांत सोडवायला लावल्या. मुलांचे निकाल सुधारले. आपल्याकडे मराठी माध्यमातून आलेल्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलांसाठी पहिली सूचना कायम रेमेडियलची असते. त्या वर्गाच्या दारावरच 'कच्चे' अशी पाटी लागते आणि मुलं येत नाहीत. माझ्याकडे काटोलकडचा एक मुलगा होता. वहीत सगळी उदाहरणं सोडवलेली, अक्षर मोत्यासारखं, आणि दोन सेमिस्टर एटीकेटी, म्हणजे नापास झालेले पेपर डोक्यावर घेऊन पुढच्या सत्रात. गटात बसल्यावर त्याला पहिल्यांदा कळलं की शंकरनगरच्या कॉन्व्हेंटवाल्यालाही स्टँडर्ड डेव्हिएशनचा अर्थ सांगता येत नाही, सूत्र तेवढं पाठ आहे. त्यानंतर तो बोलायला लागला.

आता थोडं पाणी ओतते, कारण आकडे शिकवण्यात जन्म गेला. या पद्धतीच्या नावाने फार मोठे दावे केले जातात आणि त्यातले बरेच फसवे असतात. जोडलेला वर्ग स्वखुशीने निवडणारी मुलं मुळातच हौशी असतील, तर त्यांचा निकाल चांगला लागणारच. श्रेय पद्धतीला देऊन मोकळं होता येत नाही. खरी परीक्षा चिठ्ठ्या टाकून होते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या किंग्जबरो कम्युनिटी कॉलेजात एमडीआरसी या संशोधन संस्थेने २००३ पासून तशी परीक्षा घेतली. १,५३४ नवी मुलं, चिठ्ठीने दोन भाग. एका भागातली मुलं २५ पर्यंतच्या गटांत, तीन जोडलेल्या पेपरांना एकत्र: इंग्रजी, एक विषय आणि एक मार्गदर्शनाचा तास. शिवाय पुस्तकांसाठी पैसे. त्या सेमिस्टरमध्ये या मुलांनी इतरांपेक्षा जास्त पेपर पास केले, इंग्रजीच्या सक्तीच्या पूर्वतयारीच्या अडथळ्यातून ती लवकर बाहेर पडली. पण पुढे फरक बारीक होत गेला. नंतर इतर कॉलेजांत, एकाच सेमिस्टरपुरते पेपर जोडून तशाच चाचण्या झाल्या तेव्हा परिणाम आणखी लहान निघाले.

एका सेमिस्टरची जोडणी थोडंच देते, आणि तेवढंच तिच्याकडून मागावं. प्राचार्यांना 'गळती थांबेल' असं लिहून देऊ नका. 'पहिल्या सेमिस्टरमध्ये मुलं टिकून बसतील, एकमेकांना ओळखतील, लिहितील' एवढं लिहा. दुसऱ्या वर्षी फील्ड प्रोजेक्ट आणि समुदाय सहभागाचे क्रेडिट येतात, तेव्हा तेच गट पुढे चालवले तर जास्त मिळेल. आमच्याकडे ते जमलं नाही; बॅच फुटली आणि नव्याचे नऊ दिवस संपले.

आता तुमच्या हातात काय आहे ते बघू. अभ्यासक्रमाला हात लावता येत नाही, तो अभ्यास मंडळाचा. पण तीन गोष्टी कुणी काढून घेतलेल्या नाहीत: युनिटांचा क्रम, इंटर्नलचे गुण आणि असाइनमेंटचा विषय. मेजर-मायनर जोडायच्या फंदात पडू नका, तिथे मुलं सारखी नसतात. ओपन इलेक्टिव्ह तर वेगळ्या शाखेतूनच घ्यावं लागतं, तिथे वर्ग हमखास फुटतो. जे पेपर सगळ्या वर्गाला सारखे असतात त्यांत जोडी शोधा: भाषेचा एईसी (क्षमता वाढवणारा पेपर), पर्यावरण किंवा संविधानाचा व्हीईसी (मूल्यशिक्षणाचा पेपर), आणि तुमचा मेजर. एईसी आणि व्हीईसी हे बहुतेक दोन क्रेडिटचे, आणि थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास. म्हणजे दोन पेपर जोडले तर ६० तास हातात आले. त्यातले १०-१२ तास खरोखर सामाईक झाले तरी भरपूर. बाकीचे तुमचे तुम्ही घ्या.

पहिल्या वर्षी तीन पेपर जोडू नका. दोनच.

तास लागून ठेवा, एकाला लागून दुसरा. मुलं उठून दुसऱ्या इमारतीत गेली की वाद थंड होतो, आणि अप-डाऊनवाली मुलं मधला ऑफ तास बघून सरळ स्टेशन गाठतात. लागून तास असले की नमुने आणायला सलग दोन तास मिळतात. एवढ्यासाठी टाइमटेबल कमिटीच्या पाया पडावं लागलं तरी पडा. मी पडले आहे, जवळजवळ शब्दशः.

तुमच्या जोडीदाराबरोबर आठवड्यातून अर्धा तास बसा. शनिवार बरा. त्या अर्ध्या तासात शैक्षणिक धोरणावर बोलायचं नाही. कुणी आलं नाही, कोणत्या गटात भांडण आहे, पुढच्या आठवड्यात तू काय घेतोस, एवढंच. आमच्या पहिल्या वर्षी हाच अर्धा तास नव्हता. तुमचा जोडीदार सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, असेल तर हा अर्धा तास त्याच्याकडून फुकट मागू नका. त्याला तासाचेच पैसे मिळतात. प्राचार्यांकडून एखादा तास अधिक लावून घ्या, नाही जमलं तर पूर्णवेळ असलेला जोडीदार शोधा. गरिबाच्या घामावर चालणारी जोडणी दुसऱ्या सेमिस्टरला मोडते.

असाइनमेंट एक, गुण दोन. अहवाल एकच लिहायचा. त्यातल्या मोजणीला आणि निष्कर्षाला तुम्ही गुण द्यायचे, मांडणीला आणि भाषेला मॅडम देतील. मुलांच्या डोक्यावरचं ओझं कमी होतं, हे त्यांना लगेच कळतं. दोन पेपरांसाठी दोन प्रोजेक्ट लिहिण्याऐवजी एकच. सुरुवातीला ती येतात ती याच लोभाने. येऊ द्या.

गटांबद्दल तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास होणार आहे, तेव्हा इथे जरा थांबते. मुलांना आपापले गट करू दिले की ती होस्टेलप्रमाणे, गावाप्रमाणे, गाडीप्रमाणे आणि, बोलायला अवघड असलं तरी खरं आहे, जातीप्रमाणे बसतात. कॉन्व्हेंटवाले एकीकडे, मराठी माध्यमवाले दुसरीकडे. गट तुम्ही करा, चारचा करा, पाचवा आला की तो प्रेक्षक होतो. मी पत्त्यांचा जोड वापरत असे: चार राजे एक गट, चार राण्या एक गट. कुणाला तक्रार करायला जागा नाही. एकच अपवाद: एकाच गाडीने येणारी दोन मुलं एका गटात जरूर ठेवा, म्हणजे गाडीत काम होतं. गटात मुलं हिंदीत बोलतील. नागपूर आहे, बोलू द्या. लिहायचं मराठीत, आकडेमोडीचे शब्द इंग्रजी असले तरी चालतात.

आणि ते जुनं दुखणं: एक मुलगी लिहिते, तिघं सही करतात. त्यावर भाषण देऊन उपयोग नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलियट आरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या शाळांत एक रीत काढली. काळी-गोरी मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि वातावरण तापलेलं होतं. त्यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय कुणाचाच धडा पुरा होत नाही. मी त्यात एक भर घातली. नमुना घेणं, मोजणं, गणित, लेखन ही कामं दर दोन आठवड्यांनी फिरवायची आणि शेवटी प्रत्येकाची पाच मिनिटं तोंडी परीक्षा. ज्याने लिहिलं त्याला गणिताचं विचारायचं, ज्याने गणित केलं त्याला हे वाक्य असंच का लिहिलं ते विचारायचं. हे पहिल्याच दिवशी जाहीर करा. मग बघा, सही करणारे तिघं लिहिणारीच्या मागे वही घेऊन कसे फिरतात. मुलींवरच लेखनाचं काम ढकललं जातं आणि मुलगे मोबाइल घेऊन पुलावर उभे राहतात, हेही या फिरत्या कामामुळे कमी झालं. पूर्ण गेलं म्हणणार नाही.

आता जोडणीचे तोटेही ऐका. वर्ग फार घट्ट झाला की तो मास्तरांवरही घट्ट होतो. 'टेस्ट पुढे ढकला' म्हणायला चाळीसच्या चाळीस एका सुरात येतात, सामूहिक दांडी मारतात, आणि त्यातला एखादा बाहेर पडला तर त्याला जीव नकोसा करतात. पहिल्या वर्षाच्या जोडलेल्या वर्गांत हे इतरत्रही दिसलेलं आहे. शेवटच्या महिन्यात एकदा गट मोडून नवे करा, थोडी हवा लागते. दुसरं, ज्यांनी पेपर आधीच पास केला आहे किंवा ज्यांची एटीकेटी आहे ती मुलं या बॅचमध्ये अर्धवट येतात. त्यांना आधी हुडका, नाहीतर कुठल्याच गटात नसलेली तीन मुलं तुम्हाला परीक्षेच्या आदल्या दिवशी भेटतील. तिसरं, सगळं जोडण्यासारखं नसतं. माझ्याच पेपरातलं प्रॉबॅबिलिटीचं युनिट मी कधी नाग नदीला बांधलं नाही. तिथे एकट्याने बसून पन्नास उदाहरणं सोडवायची असतात, आणि ती सोडवून घ्यायलाच मास्तर लागतो.

विषय तुम्ही नदीचाच घ्यावा असं नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून पाणी घराघरांत शिरलं. त्या भागातल्या मुलांकडे सांगण्यासारखं बरंच आहे, भिंतीवरच्या खुणांची उंचीही मोजता येईल. 'आपली बस' या शहर बससेवेच्या थांब्यावर उभं राहून किती मिनिटांनी बस येते हे लिहून घेतलं तरी संख्याशास्त्र आणि मराठी दोन्हींचं पोट भरतं. विषय जवळचा हवा, एका सकाळी जाऊन मोजता यावा आणि त्याचं उत्तर नेटवर आयतं मिळू नये. एवढं पुरे. आणि नदीवर गेलात तर मुलांना पाण्यात उतरू देऊ नका. पुलावरूनच दोरीला बाटली बांधायची, हातमोजे घालून.

तुमच्या कॉलेजात मराठीचं कोण आहे, मला माहीत नाही. पण माझा अनुभव असा, की भाषेची माणसं या कामाला सगळ्यात आधी हो म्हणतात. वर्षानुवर्षं 'माझी आई' आणि 'विज्ञान शाप की वरदान' तपासून ती कंटाळलेली असतात. त्यांना आधी गाठा. मग दोघं मिळून टाइमटेबल कमिटीकडे जा, आणि मे महिन्यात जा. ४५ अंशांत कॉलेजात कुणी फिरकत नाही, कमिटीचे सर एकटे कूलरसमोर कोरा तक्ता पसरून बसलेले असतात. जूनमध्ये गेलात तर तो तक्ता भरलेला असेल.